एका पानात चौघे

मालिकेचा सिनॉप्सिस एका पानात मागतात. वर्तमानकाळात लिहायचा, शेवट लपवायचा नाही. आमच्या सोलापूरच्या गोष्टीत लपवण्यासारखं काही नाहीच. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. चार हुतात्मा चौक त्यांचाच.

गांधीजींची अटक, ८ मे १९३० चा गोळीबार, मग मार्शल लॉ, पोलिसांच्या खुनाचा खटला. एवढं चार ओळींत बसलं. अडलं ते पहिल्या वाक्याशी. 'अमक्याला अमुक हवंय, पण...' असं ते वाक्य लागतं. मी कुर्बानपासून सुरुवात केली. विशीतला पोरगा, गिरणी कामगारांत वावरणारा, 'गझनफर' नावाचं पत्र चालवणारा. लिहिणाऱ्याला लिहिणारा जवळचा वाटतो, दुसरं कारण नव्हतं.

वाचणाऱ्या साहेबांचा फोन आला. गोष्ट आवडली म्हणाले. फक्त, "कुर्बानला नायकाचा दोस्त करता येईल का?"

आता हा दोस्त आपण खूप पाहिलाय. त्याला घर नसतं, आईशी भांडण नसतं. नायकासाठी गोळी खायची आणि तिसऱ्या एपिसोडला मोकळं व्हायचं.

रात्री अब्बांना सांगितलं. ते जेवता जेवता म्हणाले, "अरे, फाशी देताना इंग्रजानं विचारलं होतं का, यातला नायक कोण?"

पान पुन्हा लिहिलं. पहिल्याच वाक्यात चारही नावं घातली. वाक्य फार लांबलं, त्यांच्या नियमात बसत नाही. तसंच पाठवलंय. फोन अजून आलेला नाही.