दोन छाप्यांचें नाणें

गेल्या पावसाळ्यांत भाजीवाल्यानें दिलेली मोड मोजीत असतां पांच रुपयांचें एक नाणें आमच्या हातीं आलें. त्याच्या दोन्ही बाजूंस छापाच! जादूचे खेळ करणाऱ्यांकरितां एक नाणें पोखरून त्यांत दुसऱ्याचा तासलेला छापा बसवितात, त्यांतलाच हा प्रकार. फरशीवर टाकतां नाद बद्द आला. "संध्याकाळीं दुसऱ्या दुकानीं खपवूं," असें मनांत आलें, हें कबूल करणें भाग आहे.

इतक्यांत लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममधील १९०३ सालच्या एका पेनीची आठवण झाली. तिजवरील सातव्या एडवर्ड राजाच्या मुखावर 'स्त्रियांस मत द्या' या अर्थाचीं इंग्रजी अक्षरें ठोकून, मताधिकारासाठीं झगडणाऱ्या स्त्रियांनीं आपली मागणी खिशाखिशांतून फिरविली. फेरफार तेथेंही होता. पण तो आपलें म्हणणें उघड सांगत होता. आमचें नाणें मुकाट्यानें फसवीत होतें, आणि तें खपविलें असतें तर आम्हीही त्या फसवणुकीचे वांटेकरी झालों असतों.

विद्यार्थिमित्रहो, तें नाणें आतां आमच्या मेजाच्या खणांत पडून आहे. पांच रुपये गेले खरे. परंतु वर्गांत उभे राहून "खरें बोला" असें सांगतांना आमची जीभ अडखळत नाहीं.