अंगावर पुरळ आलंय, पण कशाचं ते कळत नाही!

नाशिकमध्ये लहान मुलांचा दवाखाना चालवताना एक प्रश्न मला जवळजवळ रोज ऐकू येतो. "डॉक्टर, हे नेमकं कशाचं आहे?" आई बाळाचा झबला वर करून पोट दाखवते, बाबा मोबाईलमधले कालचे फोटो काढतात आणि आजी म्हणतात, "पित्त उठलंय, दुसरं काही नाही." पुष्कळदा माझं खरं उत्तर असतं, "आज नक्की नाव सांगता येणार नाही." हे ऐकलं की पालकांचा चेहरा पडतो. म्हणून आज तुमच्याशी या "सांगता येत नाही" बद्दलच बोलायचं आहे.

आधी कारण समजून घ्या. त्वचेकडे तक्रार करण्याचे मार्ग मोजकेच आहेत. ती लाल होते, फुगते, खाजते, फोड येतात किंवा सोलते. त्यामुळे पंचवीस वेगळ्या कारणांचं पुरळ दिसायला एकसारखं असू शकतं. त्यातून पुरळ दर दिवशी बदलतं. सकाळी एका डॉक्टरांनी पाहिलेलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पाहिलेलं पुरळ एकच नसतं. दोन डॉक्टरांनी दोन नावं सांगितली तर त्यातला एक चुकलाच असेल असं समजू नका. कदाचित दुसऱ्याला रोगाचं पुढचं पान वाचायला मिळालं असेल.

दिलासा देणारी गोष्ट अशी, की लहान मुलांमधलं बहुतेक पुरळ साध्या विषाणूंमुळे येतं आणि आपोआप जातं. सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळांना तीन-चार दिवस चांगला ताप येतो, ताप उतरतो आणि त्याच दिवशी छाती-पोटावर गुलाबी ठिपके उमटतात. आई घाबरून येते, पण तोपर्यंत आजार संपत आलेला असतो. उन्हाळ्यातल्या घामोळ्या, डास-पिसवांचे चावे, नाशिकच्या कोरड्या थंडीत खरबरीत होणारे गाल, हात-पाय-तोंडावर येणारे फोड हे सगळं आम्ही रोज पाहतो.

मग काळजी कशाची करायची? यासाठी एका बाळाची गोष्ट सांगतो.

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली. पाठोपाठ भिवंडीत आणि आपल्याच जिल्ह्यातल्या मालेगावातही रुग्ण सापडले. त्या दिवसांत सातपूरहून एक पंधरा महिन्यांचा मुलगा माझ्याकडे आला. चार दिवस ताप, नाक गळतंय, खोकला, डोळे लाल, आणि आदल्या संध्याकाळपासून पुरळ. एका ठिकाणी "ॲलर्जी" सांगितलं होतं, दुसरीकडे "व्हायरल". मी तीन प्रश्न विचारले. पुरळ आधी कुठे दिसलं? "कानामागे आणि कपाळावर, मग छातीवर उतरलं." गेल्या दोन-तीन आठवड्यांत कुठे गेला होतात? "मालेगावला लग्नाला, बारा दिवस झाले." नवव्या महिन्याची लस? आई गप्प झाली. तेव्हा बाळाला सर्दी होती, म्हणून पुढे ढकलली आणि मग राहूनच गेली.

चित्र बरंच स्पष्ट होतं. तरी आरोग्य विभागाला कळवून रक्ताचा नमुना पाठवला, कारण ताप आणि पुरळ असलेल्या प्रत्येक संशयित मुलाची नोंद व्हावी लागते. तपासणीची अडचण अशी, की पुरळाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत रक्तातली प्रतिपिंडं पुरेशी वाढलेली नसतात, त्यामुळे सुरुवातीचा "निगेटिव्ह" रिपोर्ट गोवर नाकारत नाही. रिपोर्टची वाट पाहत बसण्यापेक्षा काम सुरू करणं महत्त्वाचं होतं. बाळाला दोन दिवस लागोपाठ 'अ' जीवनसत्त्वाचे डोस दिले. एक वर्षावरच्या मुलांना ते दोन लाख युनिटचे असतात आणि त्यामुळे डोळ्यांचं व जिवाचं नुकसान टळायला मदत होते.

आजींचं म्हणणं होतं, "गोवर बाहेर पडू द्यायचा. अंघोळ नको, दूध नको, खायला फार नको." मी त्यांना म्हणालो, "आजी, उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवा, माझी काही हरकत नाही. पण बाळाला पाणी, दूध, वरण-भात बंद करू नका. तापात पोरगं आधीच सुकतं." आजींनी ऐकलं. पुढच्या दोन दिवसांत बाळाचा श्वास वाढला, न्यूमोनिया झाला आणि चार दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. मग ते खेळत घरी गेलं.

पण त्या घरात खरा जीव टांगणीला लागला होता तो दुसऱ्याच बाळासाठी. सात महिन्यांची चुलत बहीण आदल्या दिवशीच भेटायला आली होती आणि तिची लसीची वेळ अजून आलेली नव्हती. गोवर पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून नंतर चार दिवसांपर्यंत पसरतो. खोकल्यातून उडालेला विषाणू खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. संपर्कानंतर ७२ तासांच्या आत लस मिळाली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. दुसऱ्याच दिवशी तिला आरोग्य केंद्रात नेऊन लस दिली. तिला गोवर झाला नाही. नऊ महिन्यांनंतरचे नेहमीचे दोन्ही डोस मात्र तिला वेगळे द्यावेच लागले, कारण इतक्या लहान वयातला डोस हिशेबात धरत नाहीत.

म्हणून सांगतो, पुरळाचं नाव कळायच्या आधीही तुम्ही पुष्कळ काही करू शकता.

पहिलं, लिहून ठेवा. ताप कधी सुरू झाला, पुरळ कधी आणि कुठून सुरू झालं, नवीन औषध किंवा नवीन खाणं काय दिलं, घरात-शेजारी-पाळणाघरात कोण आजारी आहे, गावाला कुठे गेला होतात. लसीकरणाचं कार्ड सोबत आणा. दररोज खिडकीच्या उजेडात एक फोटो काढा. आपल्या सावळ्या त्वचेवर लाली पटकन दिसत नाही, त्यामुळे तळहात, तळपाय, ओठ आणि डोळ्यांच्या आतली बाजूही पाहा.

दुसरं, काचेचा पारदर्शक ग्लास पुरळावर दाबून बघा. डाग फिके पडले तर बहुतेक वेळा घाई नसते. दाबूनही लाल-जांभळे तसेच राहिले तर त्वचेखाली रक्त आलेलं असू शकतं. मग वेळ न घालवता रुग्णालय गाठा, रात्र असली तरी.

तिसरं, लगेच दाखवायची लक्षणं ओळखा. बाळ सुस्त आहे, उठवूनही नीट बघत नाही. श्वास जोरात चालतोय. ओठ किंवा चेहरा सुजलाय. सहा-आठ तास लघवी नाही. तोंडात किंवा डोळ्यांत फोड आलेत, कातडी सोलतेय. पाच दिवसांहून जास्त ताप, सोबत लाल डोळे, लाल फुटलेले ओठ आणि सुजलेले हात-पाय असतील तर कावासाकी हा आजार तपासावा लागतो. त्यात पहिल्या दहा दिवसांत उपचार झाले तर हृदयाच्या रक्तवाहिन्या वाचवता येतात. आणि तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप असेल, तर पुरळ असो-नसो, थांबायचं नाही.

चौथं, काय करू नये. मेडिकलमधून विचारून आणलेली "सगळ्यावर चालणारी" मलमं लावू नका. त्यांत बहुधा स्टेरॉइड असतं. चार दिवस बरं वाटतं, पण नायटा असेल तर तो पसरतो आणि आम्हाला खरं चित्र दिसत नाही. बाळाला ॲस्पिरिन देऊ नका. तापाला वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल पुरेसं आहे.

पाचवं, लस. नवव्या महिन्यानंतर पहिला डोस आणि १६ ते २४ महिन्यांत दुसरा. साध्या सर्दी-खोकल्यासाठी तो पुढे ढकलू नका. राहून गेला असेल तर उशीर झाला म्हणून लाजू नका, उद्याच घेऊन जा. आशाताईंना विचारा, जवळचं आरोग्य केंद्र तो मोफत देतं.

आणि डॉक्टर "नक्की सांगता येत नाही" म्हणाले, तर त्यांना दोन प्रश्न जरूर विचारा. "यात धोकादायक काय असू शकतं आणि ते नाही हे तुम्ही पाहिलंत का?" आणि "कोणती लक्षणं दिसली तर, किंवा किती दिवसांनी, परत येऊ?" या दोन्हींची स्पष्ट उत्तरं मिळाली, तर नाव कळलं नाही तरी तुमचं बाळ योग्य हातात आहे. चार-पाच दिवसांनी पुरळ जातं, तुम्ही विसरता, आणि आमच्या केसपेपरवर "ताप व पुरळ, बरे झाले" एवढंच राहतं. मला तेवढं पुरतं. तुम्हालाही पुरू द्या, फक्त तोवर लक्ष ठेवा.