सेल्फ घेत नाही: वडवणी-परळीची तीन पत्रं

वडवणी, जि. बीड
25 ऑक्टोबर 2025

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

भाऊबिजेला तू विचारलं होतंस, नव्या गाडीत काय काय सामान ठेवायचं. तेव्हा ताटं वाढायची घाई होती, उत्तर राहून गेलं. आज वडवणीत बसून सविस्तर लिहिते, कारण आज दिवसभर आमच्या गाडीच्या बॅटरीपलीकडे दुसरं काही झालंच नाही.

काल संध्याकाळी बीड ओलांडून इथे मावशींकडे मुक्कामाला आलो. (मावशी म्हणजे माझ्या सासूबाईंची मावसबहीण.) सकाळी परळीला निघायचं म्हणून तुझ्या दाजींनी चावी फिरवली, तर नुसतं कट-कट-कट. पुन्हा फिरवली तर तेही नाही. डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणले आणि विझले. बॅटरी चार वर्षांची झाली होती, तिनं अंग टाकलं. जंपर केबल आमच्याकडे नव्हती, शेजारीही कोणाकडे नव्हती.

आपल्याकडे गाडी बंद पडली की पहिला उपाय धक्का. हाक मारायच्या आधीच गल्लीतली चार-पाच पोरं जमली. मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही. एसटीला धक्का मारत मोठी झालेली आपली पिढी. गाडी उतारावर आणली, किल्ली ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, गाडीनं वेग घेतला की क्लच सोडायचा. दाजींनी सगळं नीट केलं, तरी इंजिन नुसतं गुरगुरून थांबलं. पोरं पुन्हा मागे लागणार, तेवढ्यात शेजारचे ट्रॅक्टरचे मिस्त्री आले आणि म्हणाले, “कामून ढकलायलात? तिच्यात करंटच नाही राहिला, तर इंजन घेईन कसं?”

हे तुला कळायला हवं, कारण तुझीही गाडी पेट्रोलचीच आहे. धक्क्यानं चाकं फिरतात, चाकांमुळे इंजिन फिरतं. म्हणजे धक्का फक्त सेल्फचं काम करतो. पण आताच्या गाडीत पेट्रोल टाकीतून पुढे ढकलायला विजेचा पंप आहे, इंजेक्टर आहेत, ठिणगी आहे, आणि या सगळ्यांना हुकूम देणारा छोटा संगणक आहे. बॅटरी साफ रिकामी असेल तर हे कुणीच जागं होत नाही. अल्टरनेटरलासुद्धा वीज तयार करायला सुरुवातीला बॅटरीकडूनच थोडा करंट लागतो. म्हणून मिस्त्रींची खूण लक्षात ठेव: डॅशबोर्डचे दिवे नीट लागताहेत, हॉर्न वाजतोय, पण सेल्फ फिरत नाही, तर धक्का मारा, गाडी घेईल. दिवेच लागत नसतील तर पोरांना दमवू नका. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीला तर धक्का मारायचाच नाही. आणि उतारावर इंजिन बंद असताना ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक लागतं, पूर्ण जोर लावावा लागतो. तेवढं भान ठेवून समोर मोकळी जागा असेल तरच गाडी सोडायची.

आपल्या आजोळच्या विहिरीवरचं डिझेल इंजिन आठवतं? हँडल मारलं की सुरू. त्याला बॅटरीच नव्हती, कारण डिझेल दाबानंच पेटतं. मोटारीही आधी हँडलनंच सुरू व्हायच्या. 1912 च्या कॅडिलॅकमध्ये केटरिंग यांनी विजेचा सेल्फ बसवला आणि उलटं फिरून मनगट मोडणारं ते हँडल हळूहळू गेलं. पण त्या दिवसापासून गाडीचा जीव बॅटरीत अडकला.

मग मदतीचे प्रस्ताव सुरू झाले. रस्त्यावर ऊसतोडीला निघालेला ट्रक उभा होता. ड्रायव्हर बिचारा मनापासून म्हणाला, “माझ्या बॅटरीवरून घ्या.” मिस्त्रींनी हात आडवा केला. ट्रक आणि एसटी 24 व्होल्टवर चालतात, 12 च्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. ती जोडी आपल्या 12 व्होल्टच्या गाडीला लावली तर संगणक जळायला क्षणही लागत नाही.

एकानं सुचवलं, ट्रॅक्टरची बॅटरी काढून गाडीत बसवा, गाडी चालू करा आणि चालू इंजिनवर परत बदला. ट्रॅक्टर 12 व्होल्टचाच, त्यामुळे चालू होईल हे खरं; जुन्या जीपवर लोकांनी हे वर्षानुवर्षं केलंय. पण इंजिन चालू असताना बॅटरी सोडवली की अल्टरनेटरचा व्होल्टेज एकदम उसळतो. ती उसळी आजवर बॅटरीच पोटात घेत होती. जुन्या जीपमध्ये जळण्यासारखं काही नव्हतं, आपल्या गाडीत आहे. तिसरा मोटारपंपाची वायर घेऊन आला. सेल्फ फिरताना शंभर-दीडशे अँपिअर खेचतो, थंडीत त्याहून जास्त. तेवढा करंट त्या वायरीतून गेला असता तर हातातच वितळली असती.

आणि मग मिस्त्रींनी मावशींना विचारलं, “फवारणी पंपाचा चार्जर कुठाय?”

कपाशीवर फवारायचा पाठीवरचा पंप आता बॅटरीवर चालतो. त्यात लहानशी 12 व्होल्टची, शिशाच्या प्लेटांचीच बॅटरी असते, आणि तिचा चार्जर दीड अँपिअरच्या आसपास करंट देतो. मिस्त्रींनी दहा नंबरच्या पान्यानं आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह सोडून आमची बॅटरी बाहेर काढली. टर्मिनलवरचा हिरवट-पांढरा थर गरम पाण्यानं धुतला, पुसून कोरडा केला. झाकणं उघडून पाणी पाहिलं. दोन खणांत प्लेटा उघड्या पडायला आल्या होत्या, त्या बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घातलं. मीटर लावला तर 11.2. भरलेली बॅटरी 12.6 च्या पुढे दाखवते. बाराच्या खाली गेली म्हणजे रिकामीच धरायची. चार्जरच्या वायरीला दोन चिमटे लावून प्लसला प्लस, मायनसला मायनस जोडलं आणि मगच बटण दाबलं. बॅटरी उघड्या पडवीत ठेवली, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन सुटतो. जवळ चूल नको, बिडी नको.

मी विचारलं, घरात इनव्हर्टर आहे, त्याला का नाही लावत? मिस्त्री म्हणाले, “ताई, तो दीडशे एएचच्या बॅटरीसाठी करंट सोडतो. ही एवढीशी पस्तीसची. उपाशी माणसाला एकदम पुरणपोळी घालता का? आधी पेज.” बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्शाएवढा करंट तिला मानवतो, आमच्या बॅटरीला साडेतीन अँपिअर. त्याहून कमी असेल तर वेळ लागतो, पण बिघडत काही नाही.

मला यातलं एक फार पटलं. गाडी आत्ताच्या आत्ता चालू करायची तर जाड केबल हवी, दुसरी गाडी हवी. रात्रभर थांबायची तयारी असेल तर बोटाच्या अर्ध्या जाडीचीही नसलेली ही वायर तेच काम करते. म्हणून आज आम्ही थांबलोय.

तुझी,
ताई


वडवणी
26 ऑक्टोबर

ती. आईस,
सा. नमस्कार.

काळजी करू नकोस, गाडी चालू झाली. रात्री एकदा लाईट गेली होती, पण तासाभरात आली. सकाळी चार्जर काढून बॅटरी थोडा वेळ तशीच ठेवली, मग मीटर 12.4 म्हणाला. बसवली, चावी फिरवली, एका दमात सेल्फ घेतला. मावशींनी बॉनेटवर हळदीकुंकू वाहिलं. दुपारी परळीला निघू. मिस्त्रींनी पैसे घेतले नाहीत. “पंपाचा चार्जर घरचाच होता,” एवढंच म्हणाले. हे चहा घेऊन त्यांच्याकडे जाऊन बसले होते बराच वेळ.

थांबावं लागलं म्हणून हे गाव नीट पाहिलं. एका अंगाला बालाघाटचे डोंगर, रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. तुझ्यासाठी कच्ची घेतली आहेत, पोचेपर्यंत पिकतील. नगरहून आलेली रेल्वे या 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडला पोचली. 261 किलोमीटरची ही लाईन पुढे वडवणीवरूनच परळीला जायची आहे, त्यामुळे इथे सगळ्यांच्या तोंडी तोच विषय. मावशी म्हणाल्या, लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय, आता डोळ्यांनी बघेन.

पण सगळ्यात जास्त मनात राहिली ती उसाला निघालेली माणसं. दिवाळी झाली की या भागातल्या घरांना कुलपं लागतात. शेजारच्या घरासमोर ट्रॅक्टर उभा होता, मागे ट्रॉलीत पत्र्याची पेटी, पाण्याची टाकी, सरपण, शेळी, ज्वारीची पोती, त्यावर पोरं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत तोड करायची. कुणी कोल्हापूर-सांगलीला, कुणी थेट कर्नाटकात. त्यातली एक बाई माझ्याच वयाची असेल. आमची बॅटरी पडवीत चार्ज होताना पाहून म्हणाली, “आमच्याबी कोपीवर जुनी बॅटरी ऱ्हाते, लाईटीसाठी.”

मी खोदून विचारलं. उसाच्या फडाजवळच्या कोप्यांना, म्हणजे त्यांच्या झोपड्यांना, वीज नसते. ट्रॅक्टरला सेल्फ मारायला निकामी झालेली बॅटरी हे लोक टाकत नाहीत. सेल्फला एका क्षणात शे-दीडशे अँपिअर लागतात, तेवढे तिला देववत नाहीत. पण पाच वॅटच्या छोट्या दिव्याला अर्धा अँपिअरही पुरतो. दिवसा ट्रॅक्टर चालताना ती भरून घ्यायची, रात्री तिच्या उजेडात भाकरी करायच्या, पोरीनं अभ्यास करायचा, तिच्यावरच फोन चार्ज करायचा. पहाटे अंधारात तोडीला निघावं लागतं, तेव्हाही तीच. आपण “बॅटरी गेली” म्हणतो त्यानंतरही एका घराचा उजेड तिच्यात शिल्लक असतो, हे मला या वयात वडवणीत कळलं. त्या बाईला मी आपली मोठी टॉर्च दिली. रागावू नकोस, तुझीच होती.

बाबांना नमस्कार. त्यांच्या गोळ्या वेळेवर दे.

तुझी


परळी वैजनाथ
28 ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तेलगाव, सिरसाळा करत परळीला सुखरूप पोचलो. वाटेत कुठेही इंजिन बंद केलं नाही, दिवे आणि एसी बंदच ठेवले. वैजनाथाचं दर्शन छान झालं, त्याबद्दल आईला वेगळं लिहीन. तुझा मेसेज मिळाला: “चालू झाली ना, मग झालं!” झालं नाही. म्हणून हे पत्र.

मिस्त्रींनी निघताना बजावलं होतं, परळीत ग्रॅव्हिटी बघून घ्या. इथल्या बॅटरीवाल्यानं काचेची नळी प्रत्येक खणात बुडवून पाहिली. बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येक साधारण 2.1 व्होल्टचा. बॅटरी रिकामी होते तेव्हा आतल्या पाण्यातलं ॲसिड शिशाच्या प्लेटांवर जाऊन बसतं, त्यामुळे पाणी हलकं होतं. चार्ज केली की ॲसिड परत पाण्यात येतं, पाणी जड होतं. गास्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1859 मध्ये ही युक्ती शोधली, आणि अजून तीच चालते आहे. नळीतला तरंगता काटा हे जडपण सांगतो: भरलेला सेल 1.250 च्या वर, साधारण 1.280 पर्यंत. रात्रभर लावल्यावर आमचे पाच सेल 1.240 ला आले. सहावा 1.160 वरच बसला. बॅटरीवाला म्हणाला, “हा उठत नाही आता.”

रिकामी बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच ठेवली की प्लेटांवर बसलेलं ते ॲसिडचं मीठ कडक होतं आणि परत विरघळत नाही. वयानंही तेच होतं. सहावा पुरता बसला तर उरतात पाच सेलांचे मिळून साडेदहा व्होल्ट. आहे त्या बॅटरीवर एखादी सकाळ निघाली असती, डिसेंबरच्या थंडीत नाही. म्हणजे फवारणी पंपाच्या चार्जरनं आम्हाला दोन गोष्टी दिल्या: परळीपर्यंतचा प्रवास, आणि दोष कुठे आहे ते पाहायची संधी. केबल लावून लगेच निघालो असतो तर हा सहावा सेल कुणी तपासला नसता, आणि त्यानं आम्हाला एखाद्या आडरानात गाठलं असतं.

नवी बॅटरी घेतली. जुनी बॅटरी वडवणीला भेटलेल्या ऊसतोडीच्या बाईच्या कोपीसाठी पाठवावी असं फार मनात होतं. बॅटरीवाल्यानं अडवलं, ते बरंच झालं: एक सेल बसलेला असला की चार्ज करताना बाकीचे पाच जास्त तापतात, उकळतात, आणि लहान मुलांच्या कोपीत उकळतं ॲसिड नको. जुनी त्यानं ठेवून घेतली आणि बिलातून पैसे वजा केले. 2022 च्या नियमांनुसार बॅटरी बनवणाऱ्यांवरच जुनी परत घेऊन शिसं वेगळं काढायची जबाबदारी आहे. कुणा भंगारवाल्याला फोडायला देऊ नकोस कधी. ते शिसं नाल्यात जातं, नाल्यातून विहिरीत. कोपीसाठी मी इथून छोटा सोलर दिवा घेतला आहे, परतताना मावशींकडे ठेवेन, पुढच्या ट्रॅक्टरनं जाईल.

काल संध्याकाळी औष्णिक विद्युत केंद्राच्या धुराड्यांकडे बघत बसलो होतो. 2013 च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून हे केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. दाजी म्हणाले, बंद पडलेलं एवढं मोठं केंद्रसुद्धा आपलं आपण उठत नाही. पाण्याचे पंप, कोळशाच्या गिरण्या, भट्टीचे पंखे हे सगळं आधी फिरायला हवं, त्याला वीज बाहेरूनच यावी लागते. सगळ्या जाळ्यातलीच वीज गेली तर आधी जलविद्युत केंद्र उठवतात, कारण तिथे झडप उघडली की धरणाचं पाणी टर्बाइन फिरवतं. मग तिथली वीज औष्णिक केंद्रांना. मला ऐकून फार नवल वाटलं. एवढ्या धुराड्यांनाही कुणीतरी आधी करंट द्यावा लागतो.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. गाडीत दहा नंबरचा पाना, एक छोटा मीटर, जाड हातमोजे आणि चिमटे लावलेला चार्जर ठेव. लिथियमचा जंप स्टार्टर मिळतो, हातात मावेल एवढा. परवडला तर तोही घे, पण महिन्या-दोन महिन्यांनी आठवणीनं चार्ज करत जा, नाहीतर गरजेला तोच झोपलेला सापडतो. तुझी गाडी आठवडाभर सोसायटीत उभी असते. रविवारी तिला तीस-चाळीस किलोमीटर फिरवून आण, जागेवर नुसती घरघर करून बॅटरी भरत नाही. येत्या शनिवारी मीटर लावून आकडा मला कळव. 12.4 च्या खाली असेल तर चार्जिंगला लावायचीच.

तुझी,
ताई