एडिंबऱ्याची पानगृहे

मुंबई राज्यात १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला आणि त्या कायद्याच्या अमलाखालीच माझी पिढी लहानाची मोठी झाली. त्यामुळे मद्यगृह म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे उभी राही ती काळ्या काचांची, पडदे ओढलेली, आत शिरणारा आणि बाहेर पडणारा दोघेही रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहून घेत अशी परमिट रूम. परवान्यावाचून घोटभर पेय घेणे हा गुन्हा आणि परवाना खिशात असूनही ते घेणे ही शरमेची गोष्ट, असा दुहेरी संस्कार आमच्यावर झालेला. सबब, एडिंबरा विद्यापीठात शिकणारी माझी भाची जेव्हा म्हणाली की, "मामा, किल्ला आणि राजवाडा तुम्ही एकटेही पाहाल, पण इथले पब मात्र मी तुम्हांला दाखवणार," तेव्हा मला त्या प्रस्तावाचे कुतूहल अधिक वाटले की संकोच अधिक वाटला, हे आज निश्चयाने सांगता येणार नाही. परंतु पुढे तिच्याबरोबर आणि कित्येकदा एकट्याने त्या शहरातील जी पानगृहे मी पाहिली, त्यांनी माझ्या मनात एक विचार दृढ केला: माणसांनी एकमेकांशी बोलावे यासाठी एखादी खोली कशी बांधावी, हा वास्तुविद्येतील एक गंभीर प्रश्न आहे, आणि या शहराने तो पिढ्यान्‌पिढ्या मनापासून सोडवला आहे.

त्याचे मूळ शहराच्या भूगोलात आहे. जुने एडिंबरा एका निमुळत्या डोंगरधारेवर, किल्ल्यापासून होलीरूडच्या राजवाड्यापर्यंत उतरत जाणाऱ्या एकाच राजरस्त्याच्या दुतर्फा दाटलेले. रुंदीला जागा नाही म्हणून घरे आकाशाकडे वाढली. एकाच अंधाऱ्या जिन्यावर न्यायाधीश आणि मोलमजूर शेजारी म्हणून नांदू लागले. आणि घरात पाहुण्याला बसवण्यापुरतीही ऐसपैस जागा नसल्यामुळे वकील अशिलाला, व्यापारी दलालाला आणि ग्रंथकार आपल्या मुद्रकाला भेटे तो पानगृहात. अँकर क्लोज नावाच्या बोळात विल्यम स्मेली याचा छापखाना होता. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या पहिल्या आवृत्तीचे संपादन करणारा हा विद्वान गृहस्थ. रॉबर्ट बर्न्स या शेतकरी कवीच्या काव्यसंग्रहाची १७८७ ची एडिंबरा आवृत्ती त्याच्याच छापखान्यात छापली गेली, आणि त्याच बोळातील पानगृहात भरणाऱ्या मित्रमंडळात बर्न्सला घेऊन गेला तोही स्मेलीच. मुद्रिते तपासण्याची जागा आणि गाणी म्हणण्याची जागा यांत चार पावलांचे अंतर असावे, ही गोष्ट त्या बोळात उभे राहिल्यावर मला फार अर्थपूर्ण वाटली.

राजरस्त्यावर आणि ग्रासमार्केटच्या चौकात प्रवाशांसाठी सजवलेल्या पानगृहांची रांगच आहे. दिवसा सुतारांच्या संघाचा मानकरी आणि रात्री घरफोड्या, अशा दुहेरी आयुष्यापायी १७८८ साली फासावर गेलेल्या विल्यम ब्रोडीच्या नावाचे एक; १७२४ साली फाशी दिल्यानंतरही जिवंत उठलेल्या मॅगी डिक्सनच्या नावाचे दुसरे. कथा सुरस आहेत, परंतु तेथील गर्दी कथा ऐकण्यासाठी आलेली असते, एकमेकांशी बोलण्यासाठी नव्हे. म्हणून तेथे मी फार रेंगाळलो नाही.

रेंगाळलो तो काफे रॉयलमध्ये. प्रिन्सेस स्ट्रीटच्या पूर्व टोकाला, वेस्ट रजिस्टर स्ट्रीट नावाच्या आखूड गल्लीत १८६३ सालची ही इमारत आहे. आत पाऊल टाकले की मध्यभागी महोगनी लाकडाचा एक मोठा लंबवर्तुळाकार काउंटर दिसतो. त्याच्या पोटात वाढपी उभे आणि भोवताली सगळ्या बाजूंनी गिऱ्हाइके, जेणेकरून प्रत्येकाला समोरच्या बाजूचा चेहरा दिसावा. भिंतींवर डोल्टनच्या कारखान्यात भाजलेल्या, जॉन आयरने रेखाटलेल्या फरशांची मोठमोठी चित्रे आहेत, आणि त्या चित्रांत आहेत कोण, तर संशोधक आणि कारागीर: मुद्रक कॅक्स्टन, वाफेच्या यंत्राचे सामर्थ्य वाढवणारा जेम्स वॅट, विद्युत्‌शास्त्रज्ञ फॅराडे, आगगाडीचा स्टीफनसन, बेंजामिन फ्रँकलिन. दुपारच्या वेळी, जेव्हा गिऱ्हाईक तुरळक असते, तेव्हा मी वॅटच्या चित्राजवळ जाऊन उभा राहिलो. फरशीफरशीमधील सांधे इतके बारीक की बोट फिरवल्यावाचून त्यांचा पत्ता लागू नये. रंग मात्र भट्टीतून निघाल्यासारखे ताजे, त्यावर काचेसारखी झिलई, आणि त्या झिलईत काउंटरवरच्या दिव्यांचे पिवळे ठिपके. देवदेवतांना किंवा राजेरजवाड्यांना जी भिंत सहज मिळाली असती ती या लोकांनी यंत्र करणाऱ्याला दिली, हे पाहून मला त्या शहराविषयी आदर वाटला आणि तो मी लपवू इच्छीत नाही.

१९६० नंतरच्या दशकात शेजारच्या एका मोठ्या दुकानाच्या विस्तारासाठी ही जागा घेण्याची योजना पुढे आली होती. नागरिकांनी हजारो सह्यांचा अर्ज केला, दाद मागितली, आणि १९७० साली इमारतीची नोंद संरक्षित वास्तूंच्या दप्तरात झाली. एका मद्यगृहासाठी शहराने सह्या गोळा कराव्यात हे आपल्याकडे कोणाला खरे वाटणार नाही. पण त्या काउंटरपाशी अर्धा तास उभे राहिलेल्या माणसाला ते खरे वाटते.

काउंटर असा बेटासारखा मध्यभागी का, याचा उलगडा मला पुढे झाला. परवाने देणारे स्कॉटिश न्यायाधीश कडक होते. गिऱ्हाइकाने आडोशाला बसून प्यावे हे त्यांना पसंत नसे, आणि दुकानदाराची नजर खोलीच्या कानाकोपऱ्यांत पोचली पाहिजे असा त्यांचा आग्रह असे. देखरेखीसाठी जी रचना झाली तिनेच संभाषणाला वाव दिला! कायद्याच्या करारीपणाची इतरही उदाहरणे आहेत. १८५३ च्या कायद्याने स्कॉटलंडमधील पब रविवारी बंद झाले ते १९७६ च्या कायद्याने मुभा देईपर्यंत. मधल्या बऱ्याच काळात रविवारी पेय मिळे ते हॉटेलात, आणि तेही "आपण खरोखरीचे प्रवासी आहोत" अशी वहीत सही करणाऱ्यालाच. ही हकिकत ऐकताना परवान्याच्या राज्यात वाढलेल्या मला त्या परक्या शहराशी एकाएकी आप्तभाव वाटला.

काफे रॉयलच्या अगदी उलट स्वभावाचा पब म्हणजे दक्षिणेकडच्या वस्तीतील लेस्लीज. १८९९ सालच्या या पबात काउंटरच्या एका बाजूने लाकडाचा व काचेचा एक नक्षीदार पडदा उभा आहे, आणि त्याला रेल्वेच्या तिकीटघराला असतात तशा लहान लहान खिडक्या आहेत. पलीकडे बसलेला प्रतिष्ठित गृहस्थ वाकून खिडकीतून पेय मागे, पैसे सरकवी, आणि त्याचा चेहरा इकडच्या मजुराला दिसत नसे. मीही त्या खिडकीत वाकलो. पलीकडची स्त्री प्रसन्नपणे हसली, तिने पेला पुढे केला, आणि आमच्या दोघांमध्ये शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा तो वर्गभेद लाकडात कोरलेला तसाच उभा होता. कारागिरी अप्रतिम आहे. ती जपली हे योग्यच झाले. परंतु मला तेथे बसवेना.

आता त्या पेयाविषयी. व्हिक्टोरिया रस्त्याच्या उतरणीला बो बार नावाचा एका खोलीचा पब आहे. ना संगीत, ना पडद्यावरचा फुटबॉल. भिंतीवर बंद पडलेल्या मद्यभट्ट्यांचे कोरीव आरसे, मागच्या फळ्यांवर शेकडो व्हिस्कींच्या बाटल्या, आणि काउंटरवर पितळी, उंच, खांबासारख्या तोट्या. इंग्लंडात बिअर हातपंपाने उपसतात. या जुन्या स्कॉटिश पद्धतीत पिंपात हवेचा दाब देऊन ती या खांबातून वर चढवतात. तोटी वळवली की पेल्यात प्रथम सगळा फेसच दिसतो, मग तळाशी तपकिरी रेघ उमटते, आणि ती रेघ सावकाश वर सरकत जाते. तेवढा वेळ वाढपी आणि गिऱ्हाईक दोघेही तिच्याकडे पाहत स्वस्थ उभे असतात. बिअरची प्रतवारी येथे शिलिंगांत सांगतात: साठ, सत्तर, ऐंशी. एका पिंपाची जी जुनी किंमत असे तीच पुढे तिच्या कसाची निशाणी झाली. शिलिंग चलनातून गेला तरी ऐंशीची बिअर मागणारी माणसे अजून आहेत.

तेथेच काउंटरपाशी एका वृद्ध गृहस्थांशी ओळख झाली, ते उमेदीत फाउंटनब्रिज येथील मद्यभट्टीत कामाला होते. मी मुंबईचा हे कळताच त्यांनी आपला पेला बाजूला ठेवला आणि शहराच्या पोटातील पाण्याविषयी सांगायला आरंभ केला. एडिंबऱ्याच्या काही विहिरींचे पाणी जड, क्षारयुक्त; फिकट रंगाच्या, कडसर बिअरला ते विशेष मानवणारे. हिंदुस्थानासाठी म्हणून जी बिअर बने ती एकोणिसाव्या शतकात याच पाण्यावर येथेही तयार होई, आणि लांबच्या समुद्रप्रवासाला निघे. विल्यम मॅकेवनने १८५६ साली फाउंटनब्रिजला भट्टी घातली, वसाहतींच्या बाजारपेठेवर अमाप संपत्ती मिळवली, आणि तिच्यातून विद्यापीठाला तो भव्य अर्धवर्तुळाकार सभागार बांधून दिला, ज्यात माझ्या भाचीचा पदवीदान समारंभ व्हायचा आहे. हिंदुस्थानातील गोऱ्या शिपायाच्या घशाखाली उतरलेली बिअर आणि एका मराठी मुलीची पदवी यांना जोडणारा हा धागा त्या गृहस्थांनी इतक्या साधेपणाने माझ्या हाती दिला की मी क्षणभर निरुत्तर झालो. त्यांची भट्टी २००४ साली बंद झाली. १८६९ पासून चालत आलेली स्लेटफर्ड रस्त्यावरची कॅलिडोनियन भट्टीही २०२२ साली बंद झाली. त्याविषयी ते फार बोलले नाहीत.

नव्या पानगृहांकडे मी पूर्वग्रह घेऊन गेलो नव्हतो. जॉर्ज स्ट्रीटवर पेढ्यांची पानगृहे झाली आहेत. 'द डोम' ही मुळात कमर्शियल बँकेसाठी डेव्हिड ऱ्हाइंडने १८४७ साली बांधलेली इमारत. दर्शनी भागी ग्रीक मंदिरासारखे खांब, आत काचेचा प्रचंड घुमट. डोळे दिपतात, परंतु जी वास्तू खातेदाराच्या मनात भीतियुक्त आदर उत्पन्न करण्यासाठी बांधली तिच्यात माणूस अजूनही हलक्या आवाजातच बोलतो. क्वीन स्ट्रीटवर ब्रँबल नावाचे एक तळघर आहे: कमानी, कोनाडे, मंद दिवे, आणि औषधाच्या तोलाने मिश्रणे सिद्ध करणारे तरुण. त्यांच्या हातांतील नेमकेपणा पाहण्याजोगा खराच; पण प्रत्येक मंडळ आपापल्या कोनाड्यात, आणि परक्याला बोलावणारा काउंटर कुठे नाही. आणखी एका नव्या बिअरगृहात संगीत एवढे कर्कश होते की भाचीने मला यादीतील नावे बोटाने दाखवली. या सगळ्यांत पैसा आहे, कौशल्य आहे. मात्र शेजाऱ्याला शेजाऱ्याकडे वळवील अशी फळी मांडण्याची बुद्धी मला क्वचितच आढळली.

हे मी एका संध्याकाळी रोज स्ट्रीटवरील ॲबट्सफर्डमध्ये बोलून दाखवले. हा १९०२ सालचा पब, मध्यभागी कोरीव महोगनीचे बेट, आणि ह्यू मॅकडायर्मिड, नॉर्मन मकेग, सिडनी गुडसर स्मिथ अशा कवींची येथे आणि जवळच्या मिल्न्स बारमध्ये बैठक असे. ॲलेक्झांडर मॉफटने १९८० साली या कवींना एकाच कल्पित पबात बसवून रंगवलेले चित्र आम्ही सकाळीच पोर्ट्रेट गॅलरीत पाहिले होते. भाची शांतपणे म्हणाली, "मामा, त्या चित्रातले आठही कवी पुरुष आहेत. १९७५ चा लिंगभेदविरोधी कायदा होईपर्यंत या देशात बायकांना काउंटरपाशी उभे राहू न देणारे पब होते. तुमच्या त्या सुंदर फळीवर मी ओळंबून उभी राहिले असते तर मला काढून दिले असते. ब्रँबलमध्ये निदान मला कोणी विचारत नाही की तू कोणाबरोबर आलीस."

तिचे म्हणणे खरे होते, आणि माझ्या स्तुतीत ते कोठेच आलेले नव्हते. तरीही मी म्हटले की दोष वहिवाटीचा होता, फळीचा नव्हे. वहिवाट बदलली, फळी राहिली, आणि आज तू तिच्यावर हात टेकून माझ्याशी भांडते आहेस. ती म्हणाली, "फळी कोणासाठी बांधली हे फळीला ठाऊक असते." लेस्लीजच्या खिडक्या आठवून मला या विधानाचे उत्तर सुचेना.

तेव्हा ती मला फॉरेस्ट रोडवरच्या सँडी बेल्समध्ये घेऊन गेली. दिसायला सामान्य, अरुंद, एका बाजूला लांब काउंटर. आणि कोपऱ्यातील टेबलाभोवती फिडल, बासरी, ॲकॉर्डियन घेऊन बसलेली माणसे. व्यासपीठ नाही, तिकीट नाही. जो वाद्य घेऊन येईल त्याच्यासाठी खुर्ची ओढली जाते. हॅमिश हेंडरसन हा लोकगीतांचा संशोधक येथे बसत असे. विद्यापीठात १९५१ साली स्थापन झालेल्या स्कॉटिश अध्ययन केंद्रासाठी भटक्या जमातींच्या पालांवर जाऊन त्याने गाणी ध्वनिमुद्रित केली, आणि जीनी रॉबर्टसनसारख्या गायिकेला जगापुढे आणले. त्याचा अर्धपुतळा त्या खोलीत आहे. त्या संध्याकाळी सूर धरणारी दोन फिडल स्त्रियांच्या हाती होती, आणि त्यांतील वडीलधारीने नुसती मान हलवली की सगळे वादक नव्या चालीवर वळत. माझ्या शेजारच्या अनोळखी माणसाने मला प्रत्येक चालीचे नाव आणि गाव कानात सांगितले.

भाचीच्या मते शहरातला श्रेष्ठ पब हाच. मला एकच निवडायला सांगितले तर मी अजूनही काफे रॉयलचे नाव घेईन, आणि हा वाद परतीच्या बसमध्ये आम्ही घरच्या थांब्यापर्यंत चालवला.