भिंतींना फुटलेला घाम आणि सावरीच्या फुलांचं सूप

दक्षिण चीनमधल्या ग्वांगचौला – जुन्या पुस्तकांतलं कॅन्टन ते हेच – फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान गेलात, तर कपडे वाळण्याची आशा सोडूनच जा! समुद्रावरून उबदार, दमट वारा येतो. घरं मात्र अजून थंडीनं गारठलेली. मग भिंतींना, फरशीला, आरशाला अक्षरशः घाम फुटतो. आपल्याला वाटतं, खिडक्या उघडाव्यात. तिथल्या गृहिणी उलट त्या घट्ट लावून घेतात, कारण ओल येते ती बाहेरूनच.

गंमत म्हणजे भिंतीतल्या ओलीला जो शब्द, तोच माणसाच्या अंगातल्या ओलीला – 'शी'. अंग जड, डोकं ओल्या फडक्यात गुंडाळल्यासारखं, भूक मेलेली, जिभेवर चिकट थर, की समजायचं, ओल शिरली. चिनी वैद्यक रोगाची सहा बाह्य कारणं मानतं, त्यात ही भारी चिवट. तिचा राग प्लीहेवर. प्लीहा म्हणजे त्यांच्या लेखी पचनाची सारी शक्ती. म्हणून बर्फाची पेयं, तळकट, गोडधोड या दिवसांत बंद. आपल्या वैद्यांचं अग्निमांद्य आठवतं की नाही?

उपाय चुलीवरच. मार्चमध्ये रस्तोरस्ती काटेसावर फुलते. ग्वांगचौचं हे मानाचं फूल! खाली पडलेली लालभडक फुलं आजीबाई पिशवीत वेचतात, वाळवतात आणि सुपात घालतात. दुसऱ्या सुपात चक्क आपला कोहळा, आलं आणि यीमी, म्हणजे टपोऱ्या सातूसारखे दाणे. ते गुणानं थंड, म्हणून काहीजणी आधी कोरडे भाजून घेतात. गर्भारशीला मात्र यीमी देत नाहीत. वासाला संत्र्याच्या जातीची वाळवलेली साल, निदान तीन वर्षं मुरलेली. शिन्ह्वे गावची सर्वांत नावाजलेली. चव मुळमुळीत, पण दोन तास मंद आचेवर शिजलेला कोहळा मला तरी फार आवडला.

सूप करायला सवड नसेल, तर कोपऱ्यावर 'ल्यांगछा'चं दुकान असतंच. नाव थंड चहा. पितात गरम, आणि त्यात चहाची पत्ती औषधालाही नाही! वांग लाओची हे नाव तर १८२८ पासूनचं. पाच फुलांच्या चहात सावरीबरोबर चाफाही असतो. 'चोवीस चवी' नावाचाही एक काढा आहे. मला त्यात एकच चव लागली, कडू.

इथवर सगळं स्वयंपाकघरातलं. तयार पुड्या आणि गोळ्यांची गोष्ट वेगळी. १९९० च्या सुमारास ब्रुसेल्समध्ये वजन उतरवायला बायकांना चिनी मुळ्यांच्या गोळ्या दिल्या गेल्या. त्यांत ओल काढणाऱ्या 'फांगची'च्या जागी मिळत्याजुळत्या नावाची दुसरीच मुळी आली, आपल्याकडच्या ईश्वरीच्या कुळातली. कितीतरी जणींची मूत्रपिंडं कायमची निकामी झाली. पुढं चीननंही २००४ मध्ये ती मुळी औषधांतून काढून टाकली. तेव्हा तिथून आणताना सावरीची फुलं, यीमी, साल अशा डोळ्यांनी ओळखता येणाऱ्या वस्तूच आणा. आणि पावलांना सूज असून बोटानं दाबल्यावर खळगा राहत असेल, तर आधी हृदयाची आणि मूत्रपिंडाची तपासणी, सूप मागाहून.