हौशातली काचपेटी

रियाधमध्ये थंडीपासून झाडे वाचवायला आम्ही पेटी बांधली, असे फोनवर सांगितले तेव्हा गावाकडची मंडळी पोटभर हसली. ‘वाळवंटात कसली आली आहे थंडी!’ आपणा रियाधकरांना मात्र ते सांगायला नको. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर. हवा कोरडी, आकाश निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी ऊब सोडून देते. जानेवारीत पहाटेचे तापमान सरासरी ९ अंशांच्या आसपास असते आणि काही रात्री ते ४-५ अंशांवर उतरते. माणसाला स्वेटर पुरतो, तुळशीला पुरत नाही. पारा सलग काही रात्री दहाच्या खाली राहिला की तिची पाने काळी पडतात आणि थोड्याच दिवसांत नुसत्या काड्या उरतात.

आम्ही २००६ साली इथे आलो. मलजमधले तळमजल्याचे घर, मागे भिंतींनी वेढलेले फरसबंद अंगण. त्याला इथे हौश म्हणतात. हौशात हौस म्हणून आम्ही कुंड्या मांडल्या. कोथिंबीर, मेथी, पुदिना, कढीपत्ता आणि अर्थातच तुळस. तुळशीचे बी मिरजेच्या वाड्यातल्या वृंदावनाचे. दर हिवाळ्यात इथली तुळस जायची आणि दर उन्हाळी सुट्टीत आई (आमच्यापैकी एकाची आई, एकीच्या सासूबाई) वाळलेल्या मंजिऱ्या रुमालात बांधून द्यायच्या. इथे बी धरून ठेवावे, हे आमच्या कधी मनातच आले नाही. बँकेत खाते असताना घरात पैसे कोण पुरून ठेवतो?

ते खाते २०१९ मध्ये बंद झाले. वाडा पाडून तिथे इमारत उभी करायचे ठरले, आई पुण्याला थोरल्या मुलाकडे राहायला गेल्या आणि वृंदावन वाड्याबरोबर गेले. जाताना त्यांनी स्वतःसाठी बी घेतलेच नाही. ‘तुमच्याकडे आहे ना, मग झालं,’ म्हणाल्या. आमच्याकडे होते म्हणजे काय, एक चिमूटभर पुडी होती. २०२० च्या मार्चमध्ये विमाने थांबली. पुढे वंदे भारतच्या विमानांनी भारतात जाता येत होते, पण परत यायची खात्री नव्हती. त्या उन्हाळ्यात हौशातल्या तुळशी ४५ अंशांच्या उन्हात करपून गेल्या. सप्टेंबरात ऊन जरा उतरल्यावर पुडीतले उरलेले सगळे बी पेरले. तीन रोपे उगवली.

तुळस काय, कोणाकडेही मिळते, हे आम्हालाही कळत होते. बथ्थ्याच्या बाजारात ओळख काढली असती तर एखादे रोप मिळालेही असते. पण वाड्यातल्या तुळशीचा वंश म्हणून आता जगात ही तीनच रोपे होती, आणि हिवाळा दोन महिन्यांवर आला होता. त्याआधी मंजिऱ्या धरून बी पिकेल एवढी ती वाढणार नव्हती. म्हणून पेटी.

थंड देशांतले बागवाले अशी पेटी पूर्वीपासून वापरतात. इंग्रजीत तिला कोल्ड फ्रेम म्हणतात, आमच्या घरी तिचे नाव काचपेटी. तळ नसलेली लाकडी चौकट आणि वर काचेचे तिरपे झाकण, एवढेच तिचे रूप. ऊन काचेतून आत जाते, माती आणि भिंती तापतात आणि ती ऊब झाकणामुळे रात्री हळूहळू बाहेर पडते. वीज नाही, यंत्र नाही.

सामान मात्र विकत आणायचे नाही असे ठरवले, कारण सामान दारातच पडले होते. जुलै २०१७ पासून कुटुंबातल्या प्रत्येक आश्रित माणसामागे महिना १०० रियाल फी लागू झाली, ती दरवर्षी शंभराने वाढत २०२० मध्ये ४०० वर गेली. बायको आणि दोन मुले म्हणजे महिन्याला बाराशे रियाल. हिशेब जमेना तशी एकेक कुटुंबे फायनल एक्झिट घेऊन निघाली. आपल्या मंडळाच्या गणपतीच्या जेवणाची पाने किती कमी झाली, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. जाणारा माणूस विमानात चाळीस किलो नेतो. बाकीचा संसार आधी शेजाऱ्यांना विचारून आणि मग कचऱ्याच्या पेटीशेजारी ठेवून जातो.

कोल्हापूरच्या काकांचे शोकेस असेच जिन्याखाली उभे होते. ‘अहो, ती काच फेकू देऊ नका हं,’ असे आमच्यापैकी एकीने बजावले आणि दुसऱ्याने दोन्ही काचेची दारे घरी आणली. प्रत्येक दार ६० सेंटिमीटर रुंद. दोन्ही शेजारी शेजारी ठेवली की १२० चे झाकण झाले. नागपूरच्या कुटुंबाच्या पलंगाच्या पट्ट्यांतून काचांची चौकट झाली. समोरच्या केरळी शेजाऱ्यांच्या कपाटाच्या बिजागऱ्या आल्या. भिंतींसाठी लाकडी पॅलेट आमच्या इमारतीच्या हारिसचाचांनी आणून दिल्या. चाचा सुदानचे. एवढे कशासाठी चालले आहे ते पाहायला त्यांनी तुळशीचे एक पान चुरगळून हुंगले आणि म्हणाले, ‘रेहान!’ सब्जा आणि तुळस एकाच घराण्यातल्या, त्यामुळे ते फारसे चुकले नव्हते.

ज्यांना करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी थोडे तपशील. पॅलेटच्या लाकडावरचा शिक्का आधी पाहावा. ‘एच.टी.’ असेल तर लाकूड नुसते तापवून कीडमुक्त केलेले असते. ‘एम.बी.’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. ते भाजीजवळ आणू नये. मागची फळी ४५ सेंटिमीटर उंच, पुढची ३० आणि दोन्हींमधले अंतर ६०. उतार दक्षिणेकडे हवा, कारण डिसेंबरअखेर भर दुपारीही रियाधला सूर्य दक्षिणेला जेमतेम ४२ अंशांवर असतो. पेटीची पाठ घराच्या दक्षिणमुखी भिंतीला लावली तर ती भिंतही रात्री ऊब देते. आतून फ्रिजच्या खोक्यातले थर्माकोल लावले. मागच्या बाजूला दीड लिटरच्या सहा बाटल्या काळा रंग देऊन, पाणी भरून उभ्या केल्या. पाणी दिवसा तापते आणि सावकाश निवते. काचेच्या कडांना चिकटपट्टी लावावी, नाहीतर हात कापतो. आमचा कापला. आणि खिळे न मारता स्क्रू वापरावेत. त्याचे कारण शेवटी सांगतो.

नोव्हेंबरअखेर पेटी तयार झाली. रात्री झाकणावर सोलापुरी चादर घालायची, सकाळी काढायची. बथ्थ्यातून आणलेला फ्रिजचा थर्मामीटर आत टांगला. एका पहाटे बाहेर ५ अंश होते आणि आत १०. आम्ही एकमेकांकडे असे पाहिले की जणू धरणच बांधले आहे.

गर्वाचे घर खाली, ते फार लवकर. डिसेंबरातल्या एका शुक्रवारी आम्ही सकाळीच खर्जला गेलो. चादर काढली, झाकण उघडायचे राहिले. एकाला वाटले दुसरीने उघडले, दुसरीला वाटले पहिल्याने. दिवस छान होता, बाहेर जेमतेम २२ अंश. संध्याकाळी परत आलो तर काचेवर आतून पाण्याचे थेंब, आणि मेथी भाजी शिजवून ठेवावी तशी. थंडीपासून वाचवायला बांधलेल्या पेटीत आम्ही तीनपैकी दोन तुळशी उकडून मारल्या होत्या. तिसरी कढीपत्त्याच्या कुंडीच्या सावलीत होती, तेवढी वाचली. तिचीही वरची पाने गळली.

रात्री घरात कोणी कोणाशी बोलले नाही. आईंना सांगावे की न सांगावे, असा प्रश्न होता. शेवटी सांगितले. त्या रागावतील असे वाटले होते. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘अगं, बाळाला पांघरूण घातलं तरी नाक उघडं ठेवतातच ना? तेवढं ठेवा म्हणजे झालं.’ मग रोज सकाळी त्यांचा फोन येऊ लागला. ‘अरे, नाक उघडलं का?’ त्या वर्षी आम्ही त्यांना भेटू शकत नव्हतो, त्या एकट्या खोलीत दिवस काढत होत्या, आणि बोलायला विषय करोनाशिवाय उरला नव्हता. त्या एका रोपाने आम्हाला रोज बोलायला काहीतरी दिले, हे तेव्हा लक्षात आले नाही.

नियम ठरला. सकाळी नऊला चादर काढून झाकणाखाली लाकडाचा ठोकळा. असरची अजान झाली की झाकण बंद, म्हणजे दुपारची ऊब आतच राहते. आम्ही बाहेर असलो तर हारिसचाचा ठोकळा लावायचे, न सांगता. पाणी बेताने, सकाळीच. ते पाणी तरी कुठले? आखाताच्या किनाऱ्यावर गोडे केलेले आणि चारशेहून अधिक किलोमीटर नळातून आलेले. सांडायला जीव होत नाही. कढीपत्ता पिवळा पडला तेव्हा आंबट झालेल्या लबनचे पाणी घातले. तो लबनने सुधारला की फेब्रुवारीच्या उन्हाने, कोण जाणे.

मार्चमध्ये त्या एका तुळशीला पालवी फुटली, मे महिन्यात मंजिऱ्या आल्या. पहिल्या मंजिऱ्या वाळल्या तेव्हा आम्ही वर्तमानपत्र पसरून मोहरीहून बारीक ते बी दोन तास निवडत बसलो. १ डिसेंबर २०२१ पासून भारतातून थेट सौदीला येण्याची परवानगी पुन्हा मिळाली आणि २०२२ च्या सुट्टीत आम्ही पुण्याला गेलो. या वेळी रुमाल आम्ही नेला होता. आईंनी तो उघडला, बी तळहातावर घेतले आणि म्हणाल्या, ‘आपल्याच घरचं माहेरपणाला आलं.’ आता त्यांच्या गॅलरीत तुळस आहे. वृंदावन नाही, प्लास्टिकची कुंडी आहे.

इथे आपण सगळेच म्हणतो, ‘आपलं काय, आज आहोत, उद्या नाही.’ म्हणून चांगला पडदा घेत नाही, भिंतीला खिळा ठोकत नाही, झाड लावत नाही. आम्हीही चौदा वर्षे तेच म्हणत होतो. पण ज्यांनी ते म्हटले आणि खरेच निघून गेले, त्यांची काच, पट्ट्या आणि बिजागऱ्या आमच्या हौशात आजही रोज उघडतात आणि मिटतात. कोल्हापूरच्या काकांना आम्ही पेटीचा फोटो पाठवला तर त्यांनी उलट विचारले, ‘काच पुसता ना?’ पुसतो, काका.

आता स्क्रूंचे कारण. एक ना एक दिवस आम्हीही फायनल एक्झिट घेऊ. त्या दिवशी पेटी पंधरा मिनिटांत सुटी होते आणि छोट्या पिकअपमध्ये मावते. ज्यांच्या घरामागे हौश आहे आणि सकाळी नऊला झाकण उघडायची तयारी आहे, त्यांनी नाव सांगून ठेवावे. बी मात्र आताच मिळेल. पुढच्या स्नेहभोजनाला पुड्या बांधून आणतो आहोत.