चेन उभी राहिली पाहिजे

कवितेच्या पानावर मशीनचं काय काम, असं विचारणारे विचारोत. आपली पोरं ज्या कामावर राबतात त्या कामाची भाषा आपल्या पानावर आली नाही, तर ती येणार कुठं? मी झाडं तोडतो. रायगड जिल्ह्यात चौदा वर्षं तोडतोय. मुकादमाच्या हाताखाली सुरुवात केली, आता स्वतःची चेनसॉ आहे. आज तिच्या एका रोगाबद्दल बोलायचंय. ती आयडलला टिकत नाही. ट्रिगर दाबला की बोंबलते, सोडला की मरते.

आधी आयडल म्हणजे काय ते समजून घ्या. सगळी गोम तिथंच आहे. ट्रिगरवरचं बोट काढलं की इंजिन चालू राहिलं पाहिजे आणि चेन उभी राहिली पाहिजे. दोन्ही एकाच वेळी. हे क्लचचं काम. इंजिन मिनिटाला २,८०० फेऱ्यांच्या आसपास गुरगुरत असतं तोवर क्लचचे शू स्प्रिंगनं आत ओढून धरलेले असतात. फेरे वाढले की ते बाहेर फाकतात, ड्रमला चिकटतात आणि चेन पळते. पुऱ्या रेसला ती सेकंदाला २० मीटरच्या आसपास पळते. तिच्यापुढं माणसाचं हाड म्हणजे गवताची काडी.

आता मशीन आयडलला मरते म्हटल्यावर मुकादम काय करतो? बॉडीवर एक स्क्रू असतो. त्याच्याजवळ ‘एलए’ नाहीतर ‘टी’ असं कोरलेलं असतं. तो उजवीकडं पिळला की आयडलची रेस वाढते. मुकादम खिशातला स्क्रूड्रायव्हर काढतो, पीळ मारतो. मशीन चालू राहते. “झाली बग. लाग कामाला.” झाली खरी. पण आता बोट काढलं तरी चेन फिरतेय. एका झाडावरून दुसऱ्याकडं जाताना, बुंध्यावर पाय बदलताना, मांडीपासून वीतभर अंतरावर ती फिरतच असते. रोग मशीनचा होता, तो मुकादमानं माणसाच्या अंगात सरकवला.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलं. रस्तोरस्ती झाडं आडवी. नारळ-सुपारीच्या बागा भुईसपाट. खांब पडलेले, गावंच्या गावं अंधारात, वर करोना. एरवी ओट्याला हात लावू न देणारे त्या दिवसांत हाका मारून बोलवायचे. मुकादमाकडं तीन मशीन होत्या, तिन्हींची रेस चढवलेली. आमच्यातला वयानं मोठा गडी, आम्ही त्याला तात्या म्हणायचो. पडलेल्या फणसाच्या खोडावरून तो खाली उतरत होता. ट्रिगरवर बोट नव्हतं. चेन फिरत होती. गुडघ्याच्या वर गेली. पाय वाचला, पण त्यानंतर तात्या मशीन घेऊन कधी उभा राहिला नाही.

मुकादम म्हणाला, “ध्यान कुटं हुतं त्याचं?”

बागांचे पंचनामे झाले. किती माड, किती पोफळी, सगळं कागदावर आलं. तात्याच्या पायाचा पंचनामा कुणी केला नाही.

त्या रात्री मी ती मशीन खोलली. एअर फिल्टर भुशानं लिंपून गेला होता. इंजिनाला हवाच मिळत नव्हती, म्हणून ते आयडलला गुदमरून मरत होतं. साबणाच्या पाण्यानं फिल्टर धुवायला पाच मिनिटं लागतात. सकाळी मुकादमाला कळल्यावर तो माझ्यावरच उखडला. “मशीन खोलायला तुला कुनी सांगितलं? तुजं काम कापायचं.” बघा दोस्तांनो. मशीन चालवायला आमचे हात चालत होते. खोलायला चालत नव्हते.

माझ्या पणज्यानं गावची लाकडं फोडली. कुऱ्हाड त्याची, घाम त्याचा, लाकूड पाटलाच्या चुलीत. मजुरी नाही, बलुतं, आणि तेही दाराबाहेर उभं राहून. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात या वतनी गुलामीवर घाव घालणारं बिल मांडलं. वतन मोडीत निघालं ते १९५८ च्या कायद्यानं. एवढी वर्षं लागली. आता कुऱ्हाड गेली, चेनसॉ आली. पण मशीनच्या पोटातलं ज्ञान मुकादमाच्या खिशात राहिलं तर तेही वतनच, पेट्रोलवर चालणारं. म्हणून पुढचं नीट वाचा आणि कामावरच्या पोरांना वाचून दाखवा.

मशीन आयडलला मरत असेल तर आधी टाकी रिकामी करा. महिनाभर पडून राहिलेलं मिक्स ओतून द्या. आताच्या पेट्रोलात इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं. ताजं पेट्रोल घ्या, त्यात चांगलं टू-स्ट्रोक ऑइल घाला. पन्नासास एक म्हणजे लिटरला २० मिली. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत वेगळं प्रमाण दिलं असेल तर तेच धरा.

मग एअर फिल्टर. धुवा, पुरता वाळवा, मगच बसवा.

मग प्लग काढून बघा. बदामी रंग असला तर तब्येत बरी. काळा आणि ओला असला तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरा पडला असला तर हवा जास्त जातेय, आणि ते घातक. पिस्टन जाम होतो. प्लगची फट साधारण अर्धा मिलिमीटर.

मग टाकीतला फिल्टर. वाकड्या तारेनं बाहेर ओढा, मळला असेल तर बदला. थोडा वेळ चालून मशीन मरत असेल, आणि टाकीचं झाकण सैल करून पुन्हा लावल्यावर परत चालत असेल, तर टाकीत हवा शिरायची वाट बुजलीय. ती साफ करा.

स्क्रू सगळ्यात शेवटी. मुकादम जिथं सुरुवात करतो तिथं आपण शेवट करायचा. ‘एल’ स्क्रू अलगद टेकेपर्यंत उजवीकडं, मग डावीकडं एक फेरा. बऱ्याच मशीनना सुरुवात इथूनच होते. जोर लावायचा नाही, आतली बैठक खराब होते. इंजिन तापू द्या. मशीन जमिनीवर घट्ट धरा, बारजवळ कुणी नको. ‘एल’ थोडा मागंपुढं करून आवाज एकसारखा होईल तिथं ठेवा. मग ‘एलए’. चेन सरकायला लागेपर्यंत उजवीकडं, आणि ती पुरती थांबेल इतका परत डावीकडं. त्याच्याही मागं थोडा.

एवढं करूनही रेस आपोआप चढत-उतरत असेल, ट्रिगर सोडल्यावर खाली यायला वेळ लावत असेल, तर कुठून तरी चोरून हवा शिरतेय. कार्बोरेटरमागचं रबर फाटलेलं असेल नाहीतर क्रँकचं सील गेलेलं असेल. अशी मशीन चालवू नका. आणि आयडलची रेस बरोबर असूनही चेन सरकत असेल तर क्लचची स्प्रिंग तुटलीय का बघा. या दोन रोगांना स्क्रू हे औषधच नाही.

हे शिकायला मला कुठला साहेब भेटला नाही. पुस्तिका इंग्रजीत होती. आमच्या वस्तीतल्या बारावीच्या पोरीनं ती रात्री बसून मला मराठीत सांगितली, मी वहीत उतरवून घेतली. ती वही आता सात-आठ गड्यांकडं फिरते. शिका म्हणजे नुसती पदवी घ्या असं नव्हे. ज्या मशीनवर आपला जीव टांगलाय तिचं पोटही शिका.

त्या वहीच्या पहिल्या पानावर आम्ही मिळून ठरवलेला एक नियम आहे. तुमच्याकडंही चालू करा. रोज सकाळी, काम सुरू व्हायच्या आधी, मशीन जमिनीवर ठेवायची, इंजिन चालू करायचं, चेनब्रेक सोडायचा, बोट ट्रिगरवरून बाजूला. सगळ्यांनी बघायचं. चेन उभी राहिली तर काम सुरू. चेन फिरत राहिली तर एकानंही मशीन उचलायची नाही. मुकादम ओरडू दे, मालक ओरडू दे, रोज बुडू दे. चेन उभी राहत नसेल तर आपण उभं राहायचं. सगळ्यांनी, एकदम.

जय भीम.